आजाराचा खर्च कोणाच्या खात्यावर?

नागपूरच्या गांधीबागेचे नाव निघाले की कापडाच्या गाठी, ठोक व्यापाऱ्यांच्या गाद्या आणि त्यांमधून वाट काढणाऱ्या हातगाड्या हेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते. विदर्भातील लहानमोठ्या गावांचे दुकानदार वर्षानुवर्षे येथून माल भरून नेत आले आहेत. परंतु याच परिसरात आणखी दोन स्थाने अशी आहेत की, त्यांच्याकडे एकत्र पाहिले असता देशापुढील एका मोठ्या प्रश्नाचा उलगडा होऊ लागतो. त्यांतील एक म्हणजे डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय, आणि दुसरे म्हणजे औषधांचा ठोक बाजार. सारे शहर त्याला दवाबाजार म्हणते. पहिल्या ठिकाणी बाळंतपणासाठी आलेल्या स्त्रीकडे कोणी पैसे मागत नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक खोक्यावर किंमत छापलेली असते. तेथे उधारीही चालते; पण ती दुकानदाराला मिळते, रोग्याला नव्हे.

एका ठिकाणी उपचार विनामूल्य व दुसऱ्या ठिकाणी सर्व काही मोलाने, असा हा भेद वरवर दिसतो. वस्तुतः पैसे दोन्हीकडे पडतातच. डॉक्टरांचा व परिचारिकांचा पगार, रक्ताची पिशवी, शस्त्रक्रियेच्या खोलीतील वीज, बाळंतिणीचे जेवण यांपैकी काहीही आकाशातून उतरत नाही. हा पैसा कोणी भरावा, आजार येण्यापूर्वी भरावा की आल्यानंतर, आणि सर्वांनी मिळून भरावा की ज्याचा त्याने, हा खरा वादाचा मुद्दा आहे. श्रीमंत राष्ट्रांना या प्रश्नाचे उत्तर चुकले तरी ते चूक सोसू शकतात. ज्या देशात दोन पिढ्यांची बचत एका शस्त्रक्रियेत संपते, त्याला ती चैन परवडण्याजोगी नाही.

या प्रश्नाची जी जी उत्तरे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हिंदुस्थानात शोधली गेली, त्यांतील बहुतेकांचे अवशेष गांधीबागेच्या आसपास चालत फिरून पाहता येतात.

सर्वांत जुने उत्तर दानाचे. डागा रुग्णालयाचे पूर्वीचे नाव डफरिन रुग्णालय. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून एक निधी उभारला. संस्थानिक, सावकार, व्यापारी यांच्या देणग्या त्यात जमा झाल्या आणि देशातील अनेक शहरांत या नावाची स्त्री-रुग्णालये निघाली. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांचा तो काळ होता. त्यामुळे या इस्पितळांनी किती जीव वाचविले याचा हिशेब करणे अवघड आहे. नागपूरच्या या इस्पितळाने आणखी एक काम केले. बालपणीच वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी येथे परिचर्या व सुईणपणाचे शिक्षण घेतले, आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासह सीताबर्डीवर मातृसेवा संघाची स्थापना केली. मोजक्या खाटांनिशी सुरू झालेल्या या संस्थेच्या शाखा पुढे विदर्भभर व बाहेरही पसरल्या. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. एका दानशूर रुग्णालयातून दुसरी दानशूर संस्था जन्मास आली, असे हे दुर्मीळ उदाहरण.

तथापि दानाला एक जन्मजात मर्यादा आहे. दात्याला इमारत आवडते. तिच्यावर नाव कोरता येते, उद्घाटनाला चार मोठी माणसे बोलावता येतात. परंतु इमारत हा रुग्णालयाच्या खर्चाचा लहान भाग होय. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येणारा पगार, कापूस, साबण, जंतुनाशक, झाडूवाल्याची मजुरी हा मोठा भाग. साबणाच्या वडीवर कोणाचे नाव कोरले जात नाही, म्हणून तिच्यासाठी दाता मिळविणे कठीण. धर्मादाय इस्पितळांपैकी कित्येक कालांतराने सरकारच्या अथवा नगरपालिकेच्या पदरात पडली, त्याचे मर्म येथे आहे. शेटजींचे नाव राहिले, खर्च मात्र करदात्यांकडे आला. यात शेटजींना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी दिले नसते तर सरकारला ताब्यात घ्यायला इमारतही मिळाली नसती.

दुसरे उत्तर मजुरीतून निघाले. गांधीबागेपासून जवळच, जुम्मा तलावाच्या काठी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी १८८६ साली व भविष्यनिर्वाह निधी १९०१ साली येथे सुरू झाला. त्या काळी सरकारी कायद्याची अशी कोणतीही सक्ती नव्हती. धन्याच्या सद्बुद्धीवर चाललेली ही गोष्ट पुढे कायद्यात आली. १९४३ साली हिंदुस्थान सरकारने प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आजार-विम्याची योजना आखण्याचे काम सोपविले, आणि त्यांनी १९४४ साली आपला अहवाल दिला. त्यावरून स्वतंत्र भारतात १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. कानपूर व दिल्ली येथे १९५२ च्या फेब्रुवारीत त्याचा प्रारंभ झाला. नागपुरात, मुंबईच्याही आधी, १९५४ साली. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती.

या विम्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. २०१९ च्या जुलैमध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे मालकाने मजुरीच्या सव्वातीन टक्के व कामगाराने पाऊण टक्का भरावयाचा. म्हणजे ज्याची मजुरी दहा हजार रुपये, त्याच्या नावावर महिन्याला मालकाचे ३२५ व त्याचे स्वतःचे ७५ असे चारशे रुपये जमा होतात. वीस हजार मिळविणाऱ्याच्या नावावर आठशे. पण दवाखान्यात पाऊल टाकल्यावर कोणाचे चारशे व कोणाचे आठशे हे कोणी विचारत नाही. ज्याला जसा आजार तसा उपचार. भरणे ऐपतीप्रमाणे, घेणे गरजेप्रमाणे, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत उतरले.

परंतु ते हजेरीपटाच्या काठाशी येऊन थांबले. दहापेक्षा कमी नोकर असलेले दुकान या कायद्यात येत नाही. गांधीबागेत गाठी वाहणारा हमाल, रोजंदारीची हातगाडी ओढणारा, घरच्या मागावर बसणारा कोष्टी, मोलकरीण, भाजीवाली यांचा मालक कोण आणि पगारपत्रक कोठे? आपल्या देशात कमावत्या माणसांपैकी बहुसंख्य असेच आहेत. जर्मनीने एकोणिसाव्या शतकात उभारलेला मजुरीवरील विमा तेथे सर्व समाजाला कवेत घेऊ शकला, कारण तेथे कारखाने वाढत गेले व माणसे पगारपत्रकावर येत गेली. येथे उलट झाले. एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद पडली; तिच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे, आणि तेथील लहान दुकानांतून काम करणाऱ्या किती पोरांचा विमा आहे, हे त्या पोरांनाच विचारावे.

ही अडचण १९४३ ते १९४६ या काळातच एका समितीच्या ध्यानात आली होती. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशकात जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले गृहस्थ. इंग्लंडात बेव्हरिज यांचा अहवाल १९४२ साली प्रसिद्ध झाला होता आणि सर्वांना वैद्यकीय मदत मिळावी, हा विचार जगभर वाऱ्यावर होता. भोर समितीने विम्याचा विचार केला व तो बाजूस ठेवला. ज्या देशातील बहुसंख्य लोक वर्गणी भरू शकत नाहीत, तेथे वर्गणीवर आरोग्यसेवा उभी केली तर ती वर्गणी भरणाऱ्यांपुरतीच राहील, हा तिचा युक्तिवाद. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, आणि त्याचा भार सर्वसामान्य करांवर पडावा, असा निर्वाळा तिने १९४६ साली दिला. तूर्त चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि कालांतराने प्रत्येक जिल्ह्यात अडीच हजार खाटांचे रुग्णालय, असा तिचा आराखडा होता.

तत्त्व सर्वांनी मान्य केले. पैसा मात्र कोणी दिला नाही. राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यांकडे सोपविला, आणि राज्यांच्या तिजोऱ्या तर कायमच्या रिकाम्या. परिणाम असा झाला की, कागदावर उपचार सरकारचे आणि व्यवहारात ज्याचा त्याचा खिसा, अशी व्यवस्था अर्धशतकाहून अधिक काळ चालली. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २००४-०५ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६९.४ टक्के रक्कम लोकांनी आजारपणाच्या वेळी स्वतःच्या खिशातून मोजली. २०१३-१४ साली हा आकडा ६४.२ होता, २०१९-२० साली ४७.१, आणि २०२१-२२ साली ३९.४. घसरण मोठी आहे, आणि तिचे श्रेय नाकारणे हा करंटेपणा ठरेल. मात्र शेवटचे वर्ष महामारीच्या सावटाखालचे होते. लशींचा व साथ आवरण्याचा खर्च त्या काळात सरकारी खात्यावर पडला, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचला पाहिजे.

टक्केवारीने पोट भरत नाही, म्हणून रुपयांत पाहू गेल्यास २०२१-२२ साली आरोग्यावर माणशी ६,६०२ रुपये खर्च झाले. त्यांतील सरकारचे ३,१६९ आणि माणसाच्या खिशातील सुमारे २,६००. उरलेले विमा कंपन्या, मालक इत्यादींचे. पाच माणसांच्या घराचे तेरा हजार रुपये झाले. सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे. एका घरात त्या वर्षी पाचशे रुपये लागले असतील, शेजारच्या घरात दोन लाख. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत बाळंतपणे वगळता रुग्णालयात दाखल झालेल्या एका रोग्यामागे घरचा खर्च सरासरीने सरकारी इस्पितळात ४,४५२ रुपये व खाजगी इस्पितळात ३१,८४५ रुपये आढळला. खेड्यांतील अशा खर्चाच्या दर शंभर प्रकरणांपैकी तेरांत पैशाची मुख्य सोय कर्ज काढून झाली होती.

आता महालात किंवा इतवारीत राहणाऱ्या एखाद्या मध्यम परिस्थितीच्या कुटुंबाची कल्पना करावी. घरात आजोबा आहेत. त्यांना मधुमेह व रक्तदाब. मुलगा कापडाच्या दुकानात मुनीम. सून गरोदर. या तिघांच्या आजारपणाचा पैसा तीन निराळ्या वाटांनी येतो.

सुनेची वाट सर्वांत सुकर. १ जून २०११ पासून सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तरीही, सर्वस्वी विनामूल्य आहे. औषध, तपासण्या, रक्त, नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस व शस्त्रक्रियेनंतर सात दिवस जेवण, येण्याजाण्याचे वाहन, सारे त्यात आले. शिवाय महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांतील केसपेपरची फीसुद्धा रद्द केली. डागा रुग्णालय त्या विभागाचे. पण तेथून थोड्याच अंतरावर, सेंट्रल ॲव्हेन्यूवर असलेले मेयो रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. म्हणून त्या निर्णयाची सावली तेथवर पोहोचली नाही. मेयोला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९६८ साली नागपूर महानगरपालिकेने काढले होते, व पुढे ते राज्य सरकारने आपल्याकडे घेतले. खात्यांच्या या वाटण्या मंत्रालयात अर्थपूर्ण असतील. तापाने फणफणलेल्या माणसाला त्यांचा बोध होणे कठीण.

मुनिमाची वाट विम्याची. उद्या त्याच्या हृदयाच्या शिरेत अडथळा निघाला तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना पुढे येते. २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने ही योजना सुरू झाली, नंतरच्या वर्षी राज्यभर पसरली आणि २०१७ साली तिला फुल्यांचे नाव मिळाले. प्रथम कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांपर्यंतचा खर्च ती उचलीत असे. २०२४ च्या जुलैपासून ही मर्यादा पाच लाख झाली व शिधापत्रिका असलेल्या सर्व कुटुंबांना ती लागू झाली. ज्या शस्त्रक्रियांचे नाव ऐकून पूर्वी माणसे घरी परत जात, त्या आता होतात. हे लहान यश नव्हे.

राहिले आजोबा. त्यांना कोणतीही शस्त्रक्रिया करावयाची नाही, कोणत्याही खाटेवर निजावयाचे नाही. त्यांना दररोज चार गोळ्या घ्यावयाच्या आहेत आणि त्या मरेपर्यंत घ्यावयाच्या आहेत. येथे विमा थबकतो. कारण तो खाटेचा विमा आहे, गोळीचा नव्हे. सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यांतून या गोळ्या देण्याची सोय आहे. परंतु सकाळी रांगेत उभे राहावयाचे म्हणजे सोबत येणाऱ्या मुलाचा अर्धा दिवस बुडतो, आणि रांग संपल्यावर चारपैकी दोन गोळ्या शिल्लक नाहीत असेही अनेक ठिकाणी ऐकावे लागते. मग हातात चिठ्ठी पडते: बाहेरून आणा. बुडालेला रोज हाही आजाराचाच खर्च होय, जरी तो कोणत्याही सरकारी लेख्यात नोंदविला जात नाही. २०२३ पासून राज्यभर निघालेले ‘आपला दवाखाना’ दुपारनंतर रात्री दहापर्यंत उघडे ठेवण्याची कल्पना त्या दृष्टीने शहाणपणाची आहे.

आजोबांचा हा खर्च कोणालाही संकट वाटत नाही. तो एका दिवशी येत नाही. किराण्याच्या यादीत शेवटी बसतो. महिना कठीण गेला की एक गोळी दिवसाआड होते. सहा महिन्यांनी अर्धांगाचा झटका येतो, माणूस रुग्णालयात दाखल होतो, आणि जी योजना गोळीला दहा रुपये देत नव्हती तीच आता अतिदक्षता विभागाचे हजारो रुपये विनातक्रार भरते. गरीब देशाने पैसा वाचविण्याची ही रीत अजब म्हणावी लागेल. दुर्मीळ व मोठ्या खर्चाची हमी द्यावयाची आणि नित्याचा लहान खर्च खिशावर सोडावयाचा, यामुळे सरकारचे पैसे सर्वांत महागड्या टोकाला खर्च होतात, आणि लोकांचे पैसे दवाबाजारातून निघून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पोहोचलेल्या त्या खोक्यांवर.

या गुंत्याची एक उकल नागपूरपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरांवर, वर्धा जिल्ह्यात करून पाहण्यात आली होती, आणि ती विसरली जाऊ नये इतकी बोधप्रद आहे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी वाढविलेले कस्तुरबा रुग्णालय व १९६९ साली निघालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ज्वारीची वर्गणी सुरू केली. शेतकऱ्याच्या घरात रोकड वर्षातून फारच थोडे दिवस असते, पण सुगीत खळ्यावर ज्वारी असतेच. म्हणून वर्गणी सुगीच्या वेळी व धान्यात. भूमिहीनाने ठरलेले माप द्यावे, जमीनवाल्याने एकरांच्या हिशेबाने अधिक. ती ज्वारी विकून येणारा पैसा गावाचा निधी. त्यातून गावातल्याच आरोग्यसेवकाचे मानधन व नित्याची औषधे भागत. अकस्मात दुखणे आले तर रुग्णालयात विनामूल्य उपचार. आणि ज्या गोष्टी आधीपासून ठाऊक असतात, उदाहरणार्थ नैसर्गिक बाळंतपण, त्यांच्या खर्चाचा काही भाग घरच्यांनी उचलावा.

या योजनेतील एक अट विमाशास्त्राच्या अनेक ग्रंथांहून अधिक शिकवून जाते. गावातील किमान तीनचतुर्थांश घरांनी वर्गणी दिल्याखेरीज त्या गावाशी करार होत नसे. कारण उघड आहे. इच्छेवर सोडले तर दमेकरी व क्षयी तेवढे वर्गणी देतील, धडधाकट हसतील, आणि निधी पहिल्याच पावसाळ्यात आटेल. धडधाकटांची ज्वारी आजाऱ्याच्या उपयोगी पडणे हाच तर सारा खटाटोप. तेव्हा ते निघून गेले की उरते काय? गावात बैठक घेऊन, ज्याने दिली नाही त्याच्या दारात शेजाऱ्यांनी जाऊन ही ज्वारी जमत असे. करवसुलीचा अधिकार नसलेल्या समाजाने स्वतःवर बसविलेला तो कर होता.

आणि तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर कबूल करावे लागते की, ज्वारीने रुग्णालय चालत नव्हते. सेवाग्रामच्या संस्थेचा निम्मा खर्च केंद्र सरकार, एकचतुर्थांश राज्य सरकार व उरलेला संस्था उचलीत असे. ज्वारीने विकत घेतला तो अधिकार. वर्गणी दिलेला शेतमजूर दवाखान्यात याचक म्हणून येत नसे. आपल्या ठेवीवर आलेल्या माणसासारखा येई. फुकट औषध घेणाऱ्याला कुचके शब्द ऐकवणारा कारकून सर्वत्र असतो. ज्वारीची पावती दाखविणाऱ्यापुढे त्याला बोलताना विचार करावा लागतो. पुढे वर्धा जिल्ह्यात ज्वारी मागे पडली, सोयाबीन व कापूस यांनी शेते व्यापली, आणि वर्गणी रोखीत आली.

अशी पाचपन्नास गावांची गोष्ट सबंध देशाला जमते काय? थायलंडने २००२ साली ती करून दाखविली. त्या वेळी तो काही धनाढ्य देश नव्हता. पाच वर्षांपूर्वीच त्याचे चलन कोसळले होते. ज्यांना दुसरा कोणताही विमा नाही अशा सर्व नागरिकांसाठी दर भेटीला तीस बाट एवढेच नाममात्र शुल्क ठेवून बाकीचा खर्च सरकारने सर्वसाधारण करांतून उचलला. रुग्णालयाला मात्र बिलावर पैसे मिळत नाहीत. त्याच्याकडे जितकी माणसे नोंदलेली तितक्या माणसांचे ठरीव पैसे मिळतात. त्यामुळे आजोबांना गोळी वेळेवर देणे हे रुग्णालयाच्याच फायद्याचे ठरते. या पद्धतीत उपचारांत हात आखडता घेण्याचा मोह असतो, आणि त्यावर देखरेख लागते, ही उणीव खरी. परंतु तेथील लोकांच्या खिशावरील भार एकूण खर्चाच्या सुमारे एकतृतीयांशावरून एकदशांशाच्या आसपास उतरला. अर्थात याच्या आधी तीस वर्षे जिल्ह्याजिल्ह्यांत लहान इस्पितळे बांधून नव्या डॉक्टरांना तेथे सक्तीने सेवा करावयास लावण्याचे काम झाले होते. रुग्णालयच नाही तेथे विम्याचे कार्ड घेऊन जावे कोठे? गडचिरोलीच्या जंगलात राहणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

कर म्हटला की पांढरपेशा माणसाच्या कपाळावर आठी पडते. पण कर कोण देत नाही? प्राप्तिकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर २०१८ पासून बसलाच आहे. आणि ज्याला प्राप्तिकर ठाऊक नाही असा हमालसुद्धा औषधाची पट्टी विकत घेताना वस्तू व सेवा कर मोजतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक औषधांवरील हा कर बारा टक्क्यांवरून पाचांवर आला व व्यक्तिगत आरोग्य विम्यावरील अठरा टक्के कर उठला, हे ठीकच झाले. परंतु आजारावर कर घेऊन त्यातून आजाऱ्याला मदत करणे ही मुळातच उलटी गंगा होती.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के रक्कम सरकारांनी आरोग्यावर खर्चावी असे ठरविले. २०२१-२२ च्या लेख्यात तो आकडा १.८४ होता. ही तूट त्या वर्षीच्या रुपयांत मांडली तर माणशी वर्षाला सुमारे अकराशे रुपये होते, म्हणजे दिवसाला तीन रुपये. त्याच वर्षी माणसामाणसाने खिशातून मोजलेल्या सव्वीसशे रुपयांशी हे अकराशे ताडून पाहावेत. वाढीव पैसा आला तर तो प्रथम कोठे घालावा, याविषयी मतभेद असणार. मोठी रुग्णालये मागणारे पुष्कळ निघतील, कारण त्यांच्यावर नाव कोरता येते. तमिळनाडूने १९९४ साली औषधांच्या एकत्र खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, आपली गोदामे बांधली, कोणत्या गोदामात कोणत्या गोळीचा किती साठा आहे हे रोज पाहण्याची सोय केली, आणि सरकारी दवाखान्यातील फळी सहसा रिकामी राहू दिली नाही. महाराष्ट्राने ही खरेदी २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे दिली. ती व्यवस्था समाधानकारक ठरली नाही म्हणून २०२३ साली वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी निराळे प्राधिकरण स्थापन केले. त्या प्राधिकरणाचे काम कसे चालले आहे याची वार्षिक प्रतिवृत्ते यथाकाल निघतीलच. आजोबांच्या घरी त्याची परीक्षा दर महिन्याला होते: दवाखान्यातून परतलेल्या मुलाच्या पिशवीत चारही गोळ्या आहेत, की दोन गोळ्या आणि एक चिठ्ठी.